जाड पायांची अक्षरं

त्यांच्या छापखान्यात पाण्याचा तांब्या आणायला बंदी होती. तहान लागली तर बाहेर ओट्यावर जायचं, प्यायचं, हात पदराला कोरडे पुसायचे आणि मग आत यायचं. चैत्र-वैशाखात कुंभकोणम कसं तापतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा जाच कळेल. माणसं तहानेने सुकली तरी चालतील, पण लाकडाला थेंब लागता कामा नये.

"लाकूड पितं गे," ते म्हणायचे. "माणूस प्यायला तर मुतून मोकळा होतो. लाकूड पोटात ठेवतं."

गावात सगळे त्यांना रायर म्हणत. तंजावरच्या मराठी ब्राह्मणाला तमिळ लोक असंच म्हणतात. आम्ही ब्राह्मण नव्हतो. आमचं घर दारासुरमला, विठोबाचं घर, धंदा शिवणाचा. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. माझी शाळा पाचवीपर्यंत झाली, तीही तमिळच. हे असं मराठी लिहायला मी फार उशिरा शिकले, लेकीकडे सोलापूरला आल्यावर. इथल्या बायका माझं बोलणं ऐकून हसतात. हसू देत.

रायरांकडे मी कामाला लागले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवऱ्याच्या कमाईत घर चालत नव्हतं. सकाळी चालत कुंभकोणमला जायचं, कागदांच्या घड्या घालायच्या, छापून झालं की शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, घासलेटने पुसून आपापल्या खणात परत टाकायचे. छापखाना म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. मागच्या घराकडे जाणारा उंबरा मधे. त्या उंबऱ्यावर मामी बसायच्या. मामी म्हणजे रायरांची बायको. त्यांच्याकडे येईनच.

शिशाचे खिळे कुठल्याही छापखान्यात असतात. रायरांचं नाव झालं ते लाकडाच्या अक्षरांवर. वीतभर उंचीची तमिळ अक्षरं, फणसाच्या लाकडात त्यांनी स्वतः कोरलेली. तंजावरला त्या लाकडाच्या वीणा करतात. तिथले उरलेसुरले तुकडे ते पोत्यात भरून आणत, वर्ष वर्ष माळ्यावर वाळवत, मग कोरत. कोरून झालं की तिळाच्या तेलाने चोळत. लेकराला न्हाऊ घालण्याआधी चोळतात तसं. फक्त न्हाऊ मात्र घालत नसत.

तमिळ अक्षराला पाय नसतो. ते वळतं, मुरडतं आणि बसतं. रायरांनी प्रत्येक अक्षराखाली ठोकळ्यासारखे जाड पाय काढले होते, जसं काही त्याला विटेवर उभं केलंय. त्यातही डावा पाय उजव्यापेक्षा जाड. लांबून पाहिलं तर ओळीने पैलवान उभे आहेत असं वाटायचं. जवळ गेलं की दिसायचं, प्रत्येक पैलवान जरासा कललेला आहे. असलं अक्षर मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

याचं त्यांचं एक शास्त्र होतं. नवा माणूस आला की ते त्याला ऐकवत, त्याची इच्छा असो नसो.

"आमची मराठी अक्षरं वरच्या दांडीला लटकतात. लटकणाऱ्याचे हात दुखतात. तुमची तमिळ अक्षरं मांडी घालून बसतात. बसलेला माणूस गप्पा मारतो, हाक मारत नाही. इंग्रजांची बघा. जाहिरातीत बूट घालून उभी असतात. हाक मारायची तर उभंच राहावं लागतं."

ही कल्पना आली कुठून, हे विचारलं तर एकाला सांगत साबणाच्या खोक्यावर पाहिलं, दुसऱ्याला सांगत जुन्या सर्कसच्या कागदावर. तिसऱ्याला सांगत, "तुला काय करायचंय?"

गावाने मात्र आपलं उत्तर काढलं होतं. कुंभकोणमला डास फार, आणि डासांमुळे हत्तीरोग. पाय सुजतो, सुजून खांबासारखा होतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. तमिळमध्ये त्याला यानैक्काल म्हणतात, हत्तीचा पाय. आमच्या काळात गल्लीत एक तरी तसा पाय असायचाच. रायरांच्या घरात तो मामींचा होता, डावा. त्यामुळे गाव त्या अक्षरांना यानैक्काल म्हणे. नाटकवाले सरळ येऊन सांगत, "रायर, वरची ओळ यानैक्कालमध्ये घाला." ते घालत. चिडत नसत. मान्यही करत नसत.

मामी चिडायच्या. उंबऱ्यावर बसून, डावा पाय पालथ्या टोपलीवर टेकवून, मांडीवर सुपात भाजी घेऊन त्या दिवसभर बोलायच्या. आवाज असा की जात्यात खडा आलाय. देहाने जाड, तोंडाने तिखट. रस्त्यावर जाणं त्यांनी कधीचंच सोडलं होतं, कारण पोरं मागे लागायची. त्यामुळे गावातल्या भिंतींवर काय लागलंय ते त्या मला विचारायच्या.

"आज कुठे लावलाय गे माझा पाय?"

"पोट्रामरै तळ्याच्या भिंतीवर, मामी. सर्कसचा कागद."

"म्हणजे माझ्या पायावर वाघ बसवला," मामी म्हणायच्या. मग रायरांकडे मान वळवून, "ऐकलंत? सगळ्या गावाच्या भिंतींवर पाय लावलात माझा. नाव तेवढं नाही."

रायर अक्षर जुळवत असायचे. वर न बघता म्हणायचे, "नाव कशाला? कुठे जायचंय तुला?"

हे रोजचं. पहिल्यांदा मला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. मामींना खरोखरच आपलं नाव त्या अक्षरांत हवं होतं. मूलबाळ नाही. लग्नाच्या पत्रिकेत अमक्याची कन्या एवढंच होतं म्हणे, नाव घातलंच नव्हतं. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. रायर त्यांना "ऐक गे" म्हणत. शेजारी मामी म्हणत. नाव वापरणारं माणूसच उरलं नव्हतं. मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही कधी वाटलं नाही.

त्या अक्षरांत काय काय छापलं गेलं ते सांगते. नाटक, झापांच्या मांडवातला सिनेमा, सर्कस, तपकीर, कॉफीची पूड, तिरुविडैमरुदूरला जाणारी नवी बस. निवडणूक आली तेव्हा दोन्ही बाजूंची भाषणं. दोन्ही कागद एकाच भिंतीवर, त्याच पायांवर उभे. लग्नासाठी ती अक्षरं रायर देत नसत. म्हणत, "लग्नाची पत्रिका माणूस हातात घेऊन वाचतो. त्याच्या कानात ओरडायचं कशाला?" आणि मरणासाठी तर नाहीच.

एक पितळी भांड्यांचा मोठा व्यापारी होता, त्याचा बाप वारला. बापाचं नाव भिंतीवर लागावं, रायरांच्याच अक्षरांत, असा त्याचा हट्ट. सांगायला मुंडण केलेल्या डोक्याने स्वतः आला. रायरांनी त्याला बसवलं, कॉफी दिली आणि नाही म्हणाले.

"का नाही? हवं ते मागा."

"ही अक्षरं लोकांना खेळाला बोलावतात. तुमच्या वडिलांचा पुढचा खेळ कधी आहे?"

तो उठला, तो गेलाच. त्याच्या दुकानाचं सगळं छापायचं काम दुसरीकडे गेलं. मामींनी उंबऱ्यावरून सगळं ऐकलं होतं.

"माणसाचा बाप मेलाय आणि तुम्ही खेळ विचारता," त्या म्हणाल्या.

"नियम आहे."

"मी मेल्यावरही हाच का?"

"तेव्हाही हाच."

"मग जिवंतपणी लावा."

"जिवंतपणी लावलं तर लोक विचारतील, खेळ कुठे आहे?"

"सांगा, इथेच. उंबऱ्यावर. रोज."

मी हसले. रायरही हसले असावेत, त्यांच्या मिशीवरून कळत नसे. पण नाव काही लागलं नाही.

सगळ्यात वाईट झालं ते नगरपालिकेच्या कागदाचं. सरकारने हत्तीरोगाविरुद्ध मोहीम काढली. साठलेलं पाणी ओता, डास मारा, रक्त तपासून घ्या, असा मजकूर. आणि डोक्यावर रोगाचं नाव, मोठ्यात मोठ्या अक्षरांत. नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन आला आणि काही विचार न करता म्हणाला, "रायर, यानैक्काल हा शब्द यानैक्कालमध्येच घाला. लोकांना लगेच कळेल."

मामी तिथेच होत्या. माणूस त्यांना पाहून जरा गोरामोरा झाला. रायरांनी काम घेतलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. सर्कस घेतात, तपकीर घेतात, तसंच हेही घेतलं. छापलेले कागद वाळायला दोरीवर टांगले, आणि ती दोरी मामींच्या डोक्यावरूनच जात होती. उंबऱ्यावरच्या बाईच्या डोक्यावर तिच्या रोगाचं नाव ओळीने लोंबतंय. मी दोरी सरकवायला गेले तर मामी म्हणाल्या, "राहू दे."

भाजी निवडून झाली तेव्हा म्हणाल्या, "रोगाचं नाव लागलं. तपकिरीचं लागलं. मी काय तपकिरीहून हलकी आहे?"

रायरांनी त्यांच्या पायाकडे बघितलं. "हलकी नाहीस," म्हणाले.

एरवी मामी यावर हसल्या असत्या. त्या दिवशी त्या सूप घेऊन उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या. त्यानंतर आज पाय कुठे लावलाय हे त्यांनी मला विचारलं नाही.

मार्गळी महिन्यात, थंडीत, मामींना ताप आला. त्या पायाच्या लोकांना ताप येतच असतो. हुडहुडी भरते, पाय लाल होतो, मग ताप उतरतो. त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रायर यंत्रावर होते. पोंगलच्या नाटकांचे कागद निघायचे होते, कामाची गर्दी होती. मीच आत जाऊन कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि बाहेर येताना हात पुसत होते. एकदा मामींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "पुसू नको. ओल्या हातानेच जा. बघू काय करतात." मी पुसूनच गेले. दुपारी त्या वारल्या.

रायर रडले नाहीत. नात्यातली माणसं मरुदानल्लूरहून आली, मामींचा थोरला भाऊ आला. काळ्या काठाची कार्डं दुसऱ्या छापखान्यातून छापून आणली आणि टाकली. ती कार्डं वाचून लगेच फाडायची असतात, घरात ठेवायची नसतात. तशी ती सगळीकडे वाचली आणि फाडली गेली असणार. त्यांवरही अमक्याची पत्नी असंच होतं.

सुतकात छापखाना बंद असतो. तरी एके दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. गेले तर पुढचं दार उघडं. रायर उघड्या अंगाने, भादरलेल्या डोक्याने यंत्रापाशी उभे. मामींचा भाऊ दारात ओरडत होता.

"सुतकात यंत्र चालवतोस? लोक काय म्हणतील?"

"वाचतील," रायर म्हणाले.

त्यांनी लाकडाची अक्षरं चौकटीत घट्ट बसवली होती. एकच शब्द. जुळवलेलं अक्षर उलटं असतं, पण मला उलटं वाचायची सवय झाली होती. मंजुळा, असं होतं.

"ही कोण?" मी विचारलं. मला वाटलं, एखादं नाटक असेल, हातचं काम राहिलं असेल.

"मामी," ते म्हणाले.

तो जात्यातला आवाज आणि हे नाव. आईबापांनी पाळण्यात पाहून ठेवलं असेल, पुढचं त्यांना काय ठाऊक.

"खाली काय घालायचं? वैकुंठवासी? तिथी?"

"काही नाही."

"काळी चौकट?"

"चौकटीत ती मावायची नाही."

नाटकांचा पिवळा कागद उरला होता, त्यावरच छापलं. ते रूळ फिरवत होते, मी कागद उचलून दोरीवर टाकत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या अक्षरांकडे नीट पाहिलं. प्रत्येकाचा डावा पाय जाड हे माहीत होतं, पण त्याच्या घोट्यापाशी एक घडीही होती. साबणाच्या खोक्यावर घडी नसते. मामींच्या पायाला होती. इतकी वर्षं मी ती अक्षरं पुसत होते.

खळीची बादली घेऊन कागद लावणारा माणूस गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात मंजुळा लागली. तळ्याच्या भिंतीवर, बस थांबते तिथे, पानाच्या बाजारात. मामी कित्येक वर्षांत जिथे गेल्या नव्हत्या तिथे तिथे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. ती अक्षरं गावाने खेळासाठीच पाहिली होती. दुसऱ्या दिवशी लोक छापखान्याच्या दारात यायला लागले. पानवाला आला, दोन-तीन विणकर आले, एक जण बायकोला घेऊन आला.

"रायर, ही मंजुळा कुठली? मदुरैची कंपनी का?"

"इथलीच."

"खेळ कधी?"

"परवाच झाला."

"अरेरे. परत नाही का?"

"परत नाही."

"एवढे मोठे कागद आणि एकच खेळ," असं म्हणत तो बायकोला घेऊन परत गेला. येईल त्याला रायर तेच सांगत होते, त्याच आवाजात. मामींचा भाऊ आत डोकं धरून बसला होता. म्हणाला, "बहिणीचा तमाशा केला." रायर म्हणाले, "तिने मागितला होता."

लोक मला म्हणतात, किती जीव होता बघ त्यांचा बायकोवर. मला तसं म्हणवत नाही. मामींना वाचता येत होतं. जिवंतपणी एक कागद छापून समोरच्या भिंतीवर लावला असता तर उंबऱ्यावरून दिसला असता. नियम मोडायचाच होता तर मार्गळीच्या आधी मोडायचा. मेलेल्या माणसासाठी नियम मोडणं सोपं असतं. ते रोज उंबऱ्यावर बसून पुढचं मागत नाही.

दहाव्याला सगळे अरसलार नदीवर न्हाले. सुतक फिटल्यावर रायर मला म्हणाले, "टोपल्या घे." त्यांनी सगळी लाकडी अक्षरं टोपल्यांत भरली. एक मी घेतली, एक त्यांनी, आणि आम्ही नदीवर गेलो. मला वाटलं, ते विसर्जन करणार. तसं केलं असतं तर एक वेळ समजलं असतं.

ते गुडघाभर पाण्यात उतरले, एकेक अक्षर घेतलं आणि बुडवलं. तीन-तीनदा. चोळलं. इतक्या वर्षांची शाई आणि तेल निघून पाणी काळं वाहायला लागलं. बाजूला कपडे धुणारी बाई सरकून वर गेली.

मी म्हटलं, "रायर, लाकूड पितं."

"त्यांच्याही घरात मरण झालंय," ते म्हणाले. "त्यांना नको न्हायला?"

"वाकडी होतील सगळी."

"पिऊ दे गे. तहानलेलीच होती."

न्हालेली अक्षरं पायरीवर मांडली. वर ऊन चढलं. दुपारच्या सुमाराला पहिलं तडकलं. तड असा आवाज आला. मग इकडे एक, तिकडे एक. ते शेजारी बसून ऐकत होते. मी उठून सावलीत गेले.

पोंगलनंतर नाटक कंपनीचा मॅनेजर आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. रायरांनी त्याचं नाटक त्याच अक्षरांत जुळवलं. काही फुगून उंच झालेली, काही पिळलेली. छापून आलं तर ओळ अशी दिसायची की जत्रेतून परतणारी थकलेली माणसं.

मॅनेजरने कागद हातात धरून तिरपा केला, सरळ केला. "रायर, तुमची अक्षरं लंगडायला लागली."

"लंगडीच होती. तुम्हाला आता दिसलं."

तो पुढच्या खेपेला तंजावरला गेला, कुठल्यातरी सरळ अक्षरांच्या छापखान्यात. त्याच्यामागे बाकीचेही गेले. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका आणि कॉफीच्या पुड्यांचे कागद राहिले. गावातल्या भिंतींवर मंजुळेवर दुसरे कागद चढले. त्यातला एक तपकिरीचा होता, आमच्याच छापखान्यातला, शिशाच्या बारीक खिळ्यांचा. रायरांनीच छापला. भिंत काय कुणासाठी राखलेली नसते.

पुढच्या थंडीत मी पाहिलं की रायर न्हाणीच्या चुलीत अक्षरं घालतात. पूर्वी पाणी मामी तापवत. आता ते स्वतः तापवत. रोज सकाळी एखाददुसरं अक्षर आत. फणसाचं लाकूड, इतकी वर्षं तेल प्यालेलं, नदीत धुतलं तरी पोटात राहिलेलंच असणार. झकास पेटायचं. वाकड्या लाकडाचं दुसरं काय करणार? मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की आधी कळलं असतं तर थोडी आमच्याही चुलीला नेली असती.

होळीच्या सुमाराला मी खण झाडत होते. मोठ्या अक्षरांचे सगळे खण रिकामे, एकात मात्र चार-पाच अक्षरं एका जुन्या पंच्यात गुंडाळलेली. मी ती सोडली. कुठली होती ते सांगायला नको.

"रायर, ही राहिली. जाळायची नाहीत का?"

त्यांनी मान वर केली नाही. हातात बारीक खिळे होते, कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका जुळवत होते.

"ती ओली आहेत अजून," म्हणाले.

मी हात लावून पाहिला. ठक्क कोरडी होती. पंचा होता तसा गुंडाळला, खण आत ढकलला आणि घड्या घालायला बसले.